आधी भिंत ओळखा, मग ड्रिल घ्या

नव्या घरात सामान लागलं की पहिल्या पंधरा दिवसांत एक मेसेज ठरलेला असतो : "ताई, ड्रिल मशीन घ्यायचंय. कुठलं घेऊ?" सोबत तीन-चार मशीनचे फोटो असतात. मी बडोद्यात घरांच्या आतल्या सजावटीची कामं करते, त्यामुळे मंडळातली तरुण मंडळी हा प्रश्न माझ्याकडे ढकलतात. कंपनी, किंमत, किती वॅट हे सगळं त्यांनी आधीच वाचलेलं असतं. मी एवढंच विचारते, "तुझी भिंत कशाची आहे?" आणि गाडी तिथेच अडते. "म्हणजे काय? भिंतीसारखी भिंत आहे!"

प्लास्टर आणि रंग चढला की सगळ्या भिंती सारख्याच दिसतात, हे खरं. पण आत भाजलेली वीट असेल, काँक्रीट असेल, हलके पांढरे ब्लॉक असतील, नाहीतर पणजोबांच्या काळातला चुना आणि दगड असेल. ड्रिलची निवड या आतल्या गोष्टीवर ठरते. भिंत न बघता मोठ्यात मोठं मशीन घेणं म्हणजे पाय न मोजता चप्पल आणण्यासारखं आहे.

दोन यंत्रं, दोन स्वभाव

दुकानात 'भिंतीला भोक पाडायचं मशीन' म्हटलं की दोन प्रकार समोर येतात : इम्पॅक्ट ड्रिल आणि रोटरी हॅमर. दोन्ही फिरतात आणि दोन्ही ठोके देतात, म्हणून अनेकांना ती एकच वाटतात. पण ठोका कुठून येतो, तिथे खरा फरक आहे.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी कडांच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. दात दातावर चढतो आणि खाली पडतो, तोच ठोका. असे ठोके मिनिटाला चाळीस हजारांच्या वरही जातात, पण प्रत्येक ठोका हलका असतो आणि त्याला जोर तुमच्या खांद्याचा लागतो. तुम्ही जितकं दाबाल तितकंच ते काम करतं. विटेत ते छान चालतं. काँक्रीटमध्ये मात्र दहा मिनिटं दाबून दंड दुखतात, टोक लाल होतं आणि भोक बोटाच्या पेराएवढंच होतं.

रोटरी हॅमरच्या पोटात दट्ट्या असतो. मोटर तो मागे-पुढे हलवते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं की आतली हवा जशी आवळली जाते, तशी इथली हवा आवळली जाते आणि ती पुढचा लोखंडी ठोकळा बिटाच्या पाठीवर फेकते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच असतात, पण प्रत्येक ठोका दणकट असतो. घरगुती मशीनचा ठोका दोन ते तीन ज्यूल असतो. एक किलोचं वजन वीतभर उंचीवरून सोडलं की साधारण सव्वादोन ज्यूल होतात. तेवढा मार सहा मिलिमीटरच्या टोकावर, मिनिटाला हजारो वेळा बसतो! इथे तुम्ही दाबायचं नसतं. मशीन सरळ धरायचं आणि त्याला त्याचं काम करू द्यायचं.

हातात धरायचं विजेचं ड्रिल १८९५ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये फाइन कंपनीने बनवलं. हवेच्या दाबाने ठोका देणारा विजेचा हॅमर बॉश कंपनीने १९३२ मध्ये आणला, आणि आज रोटरी हॅमरला जे खोबणीचं बिट लागतं ती एसडीएस पद्धत १९७५ च्या सुमाराची. ही तीन अक्षरं 'घाल, फिरव, बसलं' अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून आली आहेत. हे बिट चावीने आवळावं लागत नाही. ते आत थोडं मागे-पुढे हलतं, आणि पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं की मशीन बिघडलेलंच आलं. बिघडलेलं नसतं. ठोका बिटाला सरळ बसावा म्हणूनच ती मोकळीक ठेवलेली असते.

भुकटी सगळं सांगते

भिंत ओळखायची साधी युक्ती आहे. कपाटामागे किंवा पडद्याच्या पट्टीखाली, जिथे नंतर दिसणार नाही आणि जिथून वायर गेलेली नाही, अशा जागी सहा मिलिमीटरचं एक भोक पाडायचं. खाली कागदाचा लिफाफा उघडा करून चिकटपट्टीने लावायचा, म्हणजे भुकटी त्यात पडते. आतल्या प्लास्टरचा थर साधारण अर्ध्या इंचाचा असतो, त्यामुळे सुरुवातीची राखाडी भुकटी सोडून द्या. त्यानंतर काय येतं ते बघा.

भुकटी लाल आली की वीट. शेवटपर्यंत राखाडीच राहिली आणि बिट पुढे जायला कुरकुरू लागलं की काँक्रीट. पांढरी, पिठासारखी मऊ आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं की एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे असलेले हलके ठोकळे. मळकट पांढरी आणि वाळूसारखी खरखरीत आली की जुना चुना. आणि बिट एकदम आत गडप झालं, तर तुम्ही दोन विटांमधल्या सांध्यात किंवा पोकळीत शिरलात. तिथे काहीही टांगायचं नाही, दोन इंच सरकायचं.

आता या भुकटीवरून मशीन ठरवू या. वीट असेल तर चांगलं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. एएसी ब्लॉकला ठोका नकोच, नुसतं फिरवायचं. ठोका दिला तर भोक रुंद होतं आणि गट्टू आतल्या आत फिरत बसतो. काँक्रीट असेल तर मात्र रोटरी हॅमरला पर्याय नाही.

गाव तशी भिंत

आपली मंडळी ज्या ज्या गावांत पिढ्यान् पिढ्या राहिली, तिथल्या भिंतीही वेगवेगळ्या आहेत. गोव्यातल्या जुन्या घरात चिरा असतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. पण त्याच्या अंगात नैसर्गिक भोकं असतात, म्हणून तिथे लांब गट्टू घ्यावा आणि ठोका बेताचा ठेवावा. बेळगाव-खानापूरकडे जांभाही भेटतो आणि वीटही. इंदूरच्या जुन्या घरांच्या जोत्यात काळा दगड असतो, माळव्याची भूमीच तशी. तो फोडायला रोटरी हॅमरलाही घाम फुटतो. ग्वाल्हेरचा वालुकाश्म त्यापेक्षा सोपा, पण कडेजवळ भोक पाडलं तर त्याची ढलपी निघते. हैदराबादचा ग्रॅनाइट तर सगळ्यांचा थोरला भाऊ.

पण तुमच्यातले बहुतेक जण आता या घरांत राहत नाहीत. तुम्ही नव्या उंच इमारतींत आहात, आणि तिथे एक महत्त्वाचा फरक आहे. जुन्या पद्धतीच्या इमारतीत खांब, तुळया आणि स्लॅब काँक्रीटचे, आणि मधल्या भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या असतात. हैदराबादसारख्या शहरांतल्या अनेक नव्या टॉवरमध्ये मात्र अॅल्युमिनियमच्या साच्यात घरातल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात. बिल्डर त्याला 'मिवान' म्हणतो. अशा घरात इम्पॅक्ट ड्रिल घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आणखी एक गोष्ट : त्या भिंतीच इमारत पेलतात. फोटो टांगायला छोटं भोक पाडायला हरकत नाही, पण वायर लपवायला छिन्नीने खाच मारायची नाही. छिन्नीची सोय मशीनमध्ये आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही.

ठोका बंद करायची वेळ

गेल्या वर्षी दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात मला न्हाणीघरात आजींसाठी धरायचा दांडा बसवायचा होता. आजी ब्याऐंशी वर्षांच्या. नातवाने ऑनलाइन २६ मिलिमीटरचा रोटरी हॅमर मागवला होता आणि तो हातात घेऊन तयारच उभा होता. भिंत चौदा इंच जाड, आत चुना, वर अलीकडे लावलेली टाइल.

मी त्याला म्हटलं, "मशीन छान आहे. आता त्याचा ठोका बंद कर."

त्याचा चेहरा पडला. पण रोटरी हॅमरवर तीन खुणा असतात : नुसतं फिरणं, फिरणं आणि ठोका, नुसता ठोका. टाइलवर ठोका दिला की ती तडकते, म्हणून टाइलपुरतं टाइलचं बिट लावून नुसतं फिरवायचं, हळू. पुढे जुना चुना लागला. तिथे ठोक्याने सांधा भुसभुशीत होतो आणि आजूबाजूचं प्लास्टर पोकळ होतं, म्हणून तिथेही नुसतं फिरवलं. पहिल्या भोकात बिट गडप झालं. सांधा होता. खाली सरकलो तेव्हा लाल भुकटी आली.

वीट मिळाली तरी काम संपलं नव्हतं. साधा फास्टनर आवळला की फुगतो आणि आजूबाजूला रेटा देतो. काँक्रीट तो रेटा सोसतं, पण जुनी नरम वीट त्याने फुटते. म्हणून आम्ही जाळीची नळी भोकात बसवून तिच्यात रसायन भरलं आणि त्यात बोल्ट रोवले. ते वाळेपर्यंत हात लावायचा नाही, पाकिटावर वेळ लिहिलेली असते. दुसऱ्या दिवशी नातू दोन्ही हातांनी त्या दांड्याला लोंबकळला. पंचाहत्तर किलोचा पोरगा. दांडा हलला नाही. आजी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढ्याशा दांड्याला एवढा सोहळा?"

पण सोहळा दांड्याचा नव्हताच. पडदा पडला तर आपण हसतो. ओल्या फरशीवर तोल जाताना आजी ज्याला धरणार, ते भिंतीतून उपटून आलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. पंचवीस लिटरच्या गीझरचंही तेच : नुसतं पाणीच पंचवीस किलो, वर टाकीचं वजन वेगळं, आणि खाली कोणीतरी अंघोळ करत असतं. आपण ड्रिल घेतो ते हौसेने. पण त्या भोकावर कोणाचं वजन येणार आहे, हे आधी विचारायला हवं.

बडोद्याचा म्हणून एक खास इशारा देते. आपल्या घरी झोपाळा हवाच असतो. झोपाळ्याच्या कड्या स्लॅब भरतानाच सळ्यांमध्ये अडकवलेल्या असतात. त्या नसतील आणि नंतर लावायच्या असतील, तर घरातल्या ड्रिलने छताला भोकं पाडू नका. हलत्या झोपाळ्यावर तीन माणसं बसली की कडीवर येणारा ओढा त्यांच्या नुसत्या वजनापेक्षा जास्त असतो. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच पुढे जायचं.

मग घ्यायचं कुठलं?

रोटरी हॅमर घ्यायचं ठरलं, तर घरासाठी दोन किलोच्या वर्गातलं एसडीएस-प्लस मशीन पुरे. प्रत्यक्षात ते सव्वादोन ते तीन किलो भरतं. बिटाची दांडी दहा मिलिमीटर जाड असते. याच्या वरचा वर्ग एसडीएस-मॅक्सचा. त्याची दांडी अठरा मिलिमीटरची, मशीन पाच किलोंच्या पुढे, आणि ते काम साइटवरचं आहे. घरात छताकडे तोंड करून ते पाच मिनिटं तरी धरून बघा, मग कळेल.

मशीनवर २०, २२ किंवा २६ मिमी असा आकडा असतो. काँक्रीटमध्ये जास्तीत जास्त एवढं भोक पडेल, असा त्याचा अर्थ. रोजचं आरामाचं काम त्याच्या साधारण निम्म्याच्या आसपास असतं. घरात लागतं ते सहा, आठ, दहा आणि कधीमधी बारा मिलिमीटरचं भोक. म्हणजे बहुतेकांना २० किंवा २२ चं मशीन पुरतं. स्लॅबमध्ये बरंच काम असेल तर २६ चं घ्या. वॅटचा आकडा बघून भुलू नका. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते ते. ठोका किती दणकट, हे ज्यूल सांगतात. खोक्यावर ज्यूल लिहिलेलेच नसतील तर दुकानदाराला विचारा.

आणखी तीन गोष्टी बघा. पहिली, वर सांगितलेल्या तिन्ही खुणा हव्यात, विशेषतः ठोका बंद करून नुसतं फिरवता यायला हवं. दुसरी, सेफ्टी क्लच. बिट सळीत अडकलं की मशीन स्वतः गरकन फिरतं आणि मनगट मुरगळतं. क्लच ते वाचवतो. बाजूचं हँडल लावूनच काम करायचं, तेही याचसाठी. तिसरी, गावात सर्व्हिस सेंटर आहे का. कार्बन ब्रश झिजतात, ते बदलून मिळायला हवेत.

लाकूड आणि लोखंडाचं काय? रोटरी हॅमरला साधं गोल बिट बसत नाही. त्यासाठी वेगळा चक मिळतो, आणि तो लावला की ठोका बंद ठेवायचा. कपाटाच्या बिजागऱ्या बसवणं हेच मुख्य काम असेल तर इम्पॅक्ट ड्रिल हातात जास्त हलकं आणि नेमकं चालतं. चांगल्या कंपनीच्या रोटरी हॅमरला साधारण त्याच्या दुप्पट पैसे पडतात. विटांच्या घरात ते पैसे वाया जातात, मिवानच्या घरात ते वसूल होतात.

बॅटरीवरचं मशीनही आता चांगलं मिळतं. शिडीवर वायर लोंबत नाही, हे मोठं सुख. पण वर्षातून तीन भोकं पाडायची असतील तर बॅटरी कपाटात पडून पडून म्हातारी होते. मग वायरचं बरं.

बिट मात्र स्वस्तातलं घेऊ नका. पुढे कार्बाइडचं टोक असतं, तेच भिंतीशी लढतं. सुरुवातीला सहा आणि आठ मिलिमीटरची दोन-दोन बिटं पुरेत. एसडीएस बिटाच्या मागच्या दांडीला थोडं ग्रीस लावायचं. नऊ इंचांची भिंत आरपार करायची असेल तर लांब बिट वेगळं लागतं. एसीच्या पाइपाचं मोठं भोक मात्र एसीवाल्याकडून कोअर कटरने करून घ्या. आणि गट्टू मागताना गाव लक्षात ठेवा. इंदूर-ग्वाल्हेरकडे दुकानात 'गिट्टी' म्हटलं की लगेच मिळतो. काही साइटवर कारागीर कुठल्याही रोटरी हॅमरला 'हिल्टी' म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. घाबरायचं नाही, मशीन तेच.

सुरू करण्यापूर्वी

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही. वायर बहुतेक त्याच मार्गांनी जातात. नळाच्या रेषेतही तेच. शंका असेल तर मेटल डिटेक्टर लावून बघा आणि त्या खोलीचा एमसीबी खाली करून दुसऱ्या खोलीतून वीज घ्या. काँक्रीटमध्ये बिट अचानक थांबलं आणि धातूचा आवाज आला तर सळी लागली. तिच्याशी भांडू नका, भोक सरकवा. खांबात आणि तुळईत तर खोल भोकं पाडायचीच नाहीत.

भुकटी ही नुसती घाण नसते. काँक्रीट, वीट, वालुकाश्म या सगळ्यांत सिलिका असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या धुळीला कर्करोगकारक म्हटलं आहे. घरातल्या चार भोकांनी कोणी आजारी पडत नाही, पण दिवसभर तेच काम करणाऱ्या कारागिराची गोष्ट वेगळी. तुमच्याकडे माणूस आला तर त्याच्यासाठीही चांगला मास्क काढून ठेवा, चहाच्या आधी. डोळ्यांना चष्मा लावा आणि कानांत बोळे घाला, कारण आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो.

भोक झालं की आतली भुकटी पंपाने किंवा छोट्या ब्रशने काढा. फुंकर घातलीत तर ती तुमच्याच डोळ्यांत येणार. भुकटी आत राहिली तर गट्टू पूर्ण बसत नाही, आणि 'भिंतच कच्ची आहे' असा दोष बिचाऱ्या भिंतीवर जातो. बिटावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून खोली आखून घ्या. आणि दुपारी एक ते चार शेजारच्या आजोबांची झोप असते, हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

शेवटी एक सुचवणं. घर लागल्यावर पहिल्या महिन्यात वीस-पंचवीस भोकं पडतात, नंतर वर्षाला चार. एवढ्यासाठी प्रत्येक घरी एक रोटरी हॅमर कपाटात झोपून राहतो. एकेकाळी कार्याची मोठी पातेली, सतरंज्या मंडळातून मिळायच्या. वहीत नाव लिहायचं, काम झालं की घासून परत करायचं. तसंच एक चांगलं मशीन, बिटांचा डबा, चष्मा आणि पंप मंडळात का ठेवू नये? इम्पॅक्ट ड्रिल घरोघरी असू दे, मोठं यंत्र सगळ्यांचं. वहीत नाव आणि तारीख लिहायचीच, पण शेजारी आणखी एक रकाना ठेवू या : भिंत कशाची? वर्षभरात ती वही आपल्या गावातल्या घरांचा चांगला नकाशा होईल, आणि पुढच्या नव्या घरवाल्याला मला मेसेज करावा लागणार नाही.